मस्करीची गाणी

२७ फेब्रुवारी, मंगळवार

शनिवारच्या बाजारात मला जागा मिळाली. तीन महिने बघू, मग कमिटी ठरवेल, असं डोनाल नावाच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं. ते बाजाराच्या कमिटीचे प्रमुख. स्वतः चीज विकतात.

माझा नवरा शैलेंद्र रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात असतो, तिथे आत फोन नेता येत नाही. त्याने जेवणाच्या सुट्टीत उलटा फोन केला. मी बातमी सांगितल्यावर तो म्हणाला, "थालीपीठ? आयरिश लोकांना?"

"आणि कोथिंबीरवडी."

"कोणी घेतली नाही तर?"

"मग तू खायची. सोमवार ते शुक्रवार."

सुट्टी संपली म्हणून त्याने फोन ठेवला.

ठाण्याला शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा मुलांना सहलीहून आल्यावर रोज चार ओळी लिहायला लावायचे. आता स्वतःच्या धंद्याच्या चार ओळी स्वतः लिहीन म्हणते. इथे येऊन तीन वर्षं झाली, 'सध्या काय करतेस' या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर आहे.

संध्याकाळी गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मोठी परात आणि एक सीडी प्लेअर आणला. प्लेअर घ्यायचा विचार नव्हता, पण फार केविलवाणा दिसत होता. दुकानातल्या बाईंनी वर एक सीडी फुकट दिली.

३ मार्च, रविवार

काल पहिला दिवस. चार थालीपिठं गेली. त्यातली दोन मीच चव बघायला म्हणून वाटली.

माझ्या शेजारी मधवाल्या ॲबी. साठीच्या पुढच्या, पांढरे केस कापलेले, हातमोज्यांची बोटं कापलेली. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तोंडावर मीही मारते, पण मनात काही जमत नाही. इथे मी ॲबीबाईच लिहिणार. वाऱ्याने माझा तंबू उडायला लागला तेव्हा त्यांनी एका हाताने खांब धरला आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले.

समोर डोनालराव. उंच, वाकलेले, कान मोठे. त्यांच्या कोपऱ्यात वारा थेट खाडीवरून येतो, तरी इतकी वर्षं त्यांनी ती जागा सोडलेली नाही म्हणे. थालीपिठावर घालायला मी त्यांच्याकडचंच लोणी घेतलं.

एका माणसाने वडीकडे बोट दाखवून विचारलं, या योकमध्ये काय आहे? मी म्हणाले, योक, म्हणजे बलक, अजिबात नाही, अंडं घालतच नाही, शुद्ध शाकाहारी. तो म्हणाला, ग्रँड (इथे 'बरं'ला असं म्हणतात), पण या योकमध्ये आहे काय? हे पुष्कळ वेळ चाललं. घरी स्वरांगीने सांगितलं की इथे कुठल्याही वस्तूला 'योक' म्हणतात. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इथल्या, कॉर्क भागातल्या इंग्रजीत देते. इथे मी ते मराठीत लिहिते, म्हणजे निदान वहीत तरी ती माझ्याशी मराठी बोलेल.

५ मार्च, मंगळवार

ती फुकटची सीडी आज लावली. भाजणी भाजत होते, हात थांबला आणि भाजणी लागली. दुसऱ्यांदा भाजली, गाणी मात्र पहिल्यापासून लावली.

एक बाई गाते. आयरिश भाषेत, म्हणजे मला एक अक्षर कळत नाही. पहिल्या गाण्यात वाद्यच नाही. नुसता आवाज, आणि तोही गाण्यासाठी लावलेला नाही. अंगणात कपडे वाळत घालता घालता बाई गाते आहे आणि आपण कुंपणापलीकडून ऐकतो आहोत, असं वाटतं. श्वास घेतलेला ऐकू येतो. सूर धरून ठेवत नाही, जरा टेकवते आणि सोडते. दुसरं गाणं इतकं जलद, की बहुतेक फक्त जिभेची कसरत असावी. तिसरं फार हळू, डोळ्यांत पाणी आणणारं. का आलं ते माहीत नाही, शब्द तर कळले नव्हते.

आणि चौथं. चौथ्यात ॲकॉर्डियन येतं. इथे त्याला 'बॉक्स' म्हणतात, आपण हार्मोनियमला पेटी म्हणतो तसं. ही पेटी अशी उड्या मारत येते, की बाईचा आवाजही हसायला लागतो. 'आगोनिल, आगोनिल' असं धृपद आहे. शेवटच्या सुराआधी ती खरोखर हसते, ते तसंच ठेवलं आहे. नक्की लग्नातलं गाणं. नवरी लाजत लाजत नाव घेते आहे, सगळ्या बायका चिडवत आहेत. ऐकल्याबरोबर कळतं.

सीडीच्या डबीत आतली पुस्तिका नाही. वरच्या फोटोत दगडी भिंतीवर बसलेली मुलगी, केस वाऱ्याने तोंडावर आलेले, चेहरा दिसत नाही. नाव 'गोब्नाइत नी' आणि पुढे इतकी अक्षरं की स्वरांगी म्हणाली त्यातली अर्धी म्हणायचीच नसतात.

९ मार्च, शनिवार

प्लेअर बाजारात नेला. थालीपीठ थापायला ताल हवा.

पहिलं गाणं सुरू झालं तशा ॲबीबाईंच्या हातातली बरणी निसटता निसटता राहिली. म्हणाल्या, "हे कुठून आणलंस?"

"जुन्या वस्तूंच्या दुकानातून. फुकट मिळालं."

"फुकट," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आवाज जरा कमी कर."

कमी केला. तिसऱ्या गाण्याला त्यांनी चक्क टोपी कानांवर ओढली. चौथं लागलं तेव्हा समोर डोनालरावांच्या हातून चीज कापायची तार सटकली. दोघांनाही गाण्याची आवड दिसत नाही. असतात अशी माणसं. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक राष्ट्रगीत सोडून कशालाही उभे राहायचे नाहीत.

१६ मार्च, शनिवार

आज गंमत झाली. चौथं गाणं सुरू झालं आणि माझ्या टेबलासमोर माणसं जमली. पाववाला स्वतःचं दुकान सोडून आला. चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. सगळ्यांनी वड्या घेतल्या आणि गिऱ्हाइकाने करू नये तसं माझ्याकडे पाठ करून, समोर बघत खाल्ल्या. गाणं संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, "चार नंबरचं पुन्हा लाव ना."

सगळा माल संपला. गाण्याने भूक लागते, हे माझं निरीक्षण.

२३ मार्च, शनिवार

बारा वाजता सगळं संपलं. पाय दुखतात. शैलेंद्रला वडी मिळाली नाही, म्हणून तो रुसला आहे. बघा म्हणावं.

६ एप्रिल, शनिवार

थापता थापता मी चौथं गाणं मोठ्याने म्हणत होते. ॲबीबाई मधाची बरणी पुसत होत्या. न बघताच म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत चुकतेस." आणि बरोबर कसं ते सांगितलं, म्हणजे हळूच म्हणून दाखवलं.

मी थक्क. "तुम्हाला येतं?"

"आमच्याकडे सगळ्यांनाच येतं."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"मस्करी."

मला वाटलं त्या माझी थट्टा करताहेत. घरी नकाशा काढला तर कॉर्कच्या पश्चिमेला खरोखर मस्करी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथली काही गावं अजून घरात आयरिश बोलतात. मी भूगोलाची शिक्षिका, आणि इतक्या जवळ मस्करी आहे याचा पत्ता नाही. शैलेंद्रला सांगितलं, गाणारी बाई मस्करीची आहे. तो म्हणाला, "मला आधीच वाटलं होतं."

ॲबीबाईंचा आवाज तसा चांगला आहे. थोडा सराव केला असता तर बऱ्यापैकी गायल्या असत्या. तसं त्यांना सांगितलंही. त्यांना इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

१३ एप्रिल, शनिवार

डोनालराव आज स्वतः माझ्याकडे आले. जागेचा निर्णय त्यांच्याच हातात. टोपी काढून त्यांनी विचारलं, "दुसरी काही गाणी नाहीत का तुझ्याकडे? तुमच्या देशातली?"

मी म्हणाले, "आहेत. पण या गाण्याने माझ्या स्टॉलला बरकत आली. आणि मला फार आवडतं. विशेषतः चौथं. तुम्ही नीट ऐका एकदा. इतकं प्रेमाने तिने त्या माणसाला हाक मारली आहे."

"प्रेमाने," ते म्हणाले.

"तर काय. आणि तो पेटीवाला. किती जीव ओतून वाजवतो. मला वाटतं तो तिच्यावर खूश असणार."

त्यांचे कान हळूहळू लाल झाले. "ग्रँड," म्हणाले आणि टोपी उलटी घालून परत गेले. मनाने हळवा माणूस आहे. बोलून दाखवत नाही इतकंच. मी त्यांना चार वड्या पाठवल्या आणि ते गाणं परत लावलं.

बाजारात आज इतकी हसरी माणसं होती. उन्हाचा परिणाम.

२ मे, गुरुवार

काय लिहू. जेवले नाही.

मी दिवसभर 'आगोनिल' म्हणत असते म्हणून स्वरांगीने शाळेत आयरिशच्या बाईंना त्याचा अर्थ विचारला. बाईंनी गाणं म्हणून दाखवायला सांगितलं. हिने दाखवलं. बाई हसत हसत खुर्चीवर बसल्या म्हणे.

"आई, ते नाव आहे," स्वरांगी म्हणाली. "हाक मारताना आयरिशमध्ये नावाचं पहिलं अक्षर बदलतं. डोनालला हाक मारली की आगोनिल होतं."

मी म्हणाले, "कुठला डोनाल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला ते लाल झालेले कान आठवले.

मग तिने सगळं सांगितलं, बाईंनी तिला सांगितलं तसं. दोघांचं लग्न ठरलं होतं. गाणाऱ्या बाईला ब्रिटनीत, फ्रान्समध्ये, गायला बोलावलं होतं आणि डोनाल व्हॅन घेऊन येणार होता. ती बॅग भरून रस्त्याच्या कडेला संध्याकाळपर्यंत उभी राहिली. तो आलाच नाही. त्याच्या आईची गाय व्यायली होती. मग तिने हे गाणं केलं. आशीर्वादाचं गाणं आहे, पण आशीर्वाद असे: हे डोनाल, तुझ्या गाईला दरवर्षी वासरू होवो. तुझ्या कुरणात गवत मावेनासं होवो. तुझं घर लोण्याने भरो, आणि ते खायला तुझ्याशिवाय कोणी नसो.

"आणि ती बाई?" मी विचारलं. "फ्रान्सला गेली?"

"आई," स्वरांगी म्हणाली, "ती तुझ्या शेजारी मध विकते."

गोब्नाइतचं इंग्रजी ॲबी करतात म्हणे. हे सगळ्या गावाला माहीत आहे. पाववाल्याला, काठ्यावाल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना. लोक माझ्या वड्या खायला येत नव्हते. माझ्या टेबलाशी उभं राहिलं की डोनालरावांचे कान नीट दिसतात, म्हणून येत होते.

आणि मी त्या माणसाला सांगितलं, नीट ऐका एकदा. आणि ॲबीबाईंना म्हणाले, थोडा सराव करायला हवा होता.

शैलेंद्र आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "जागेचं कधी ठरणार?" त्याने विचारलं. पंचवीस तारखेला, मी म्हणाले. "तोवर सीडी प्रेसमध्ये ठेव," तो म्हणाला. कपाटाला हाही प्रेस म्हणायला लागला.

४ मे, शनिवार

प्लेअर घरी ठेवला. सकाळी तंबू लावतानाच ॲबीबाईंसमोर जाऊन उभी राहिले. "मला माहीत नव्हतं," म्हणाले. पुढचं पाठ केलेलं सगळं विसरले.

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. कळून सवरून तसं करायला फार दुष्ट बाई लागते, आणि तू वडीबरोबर दोन कागदी रुमाल देतेस."

"तुम्हाला त्रास झाला असेल. म्हणूनच आवाज कमी कर म्हणालात."

"तिसऱ्या गाण्यात मी बेसूर लागले आहे," त्या म्हणाल्या. "शेवटच्या कडव्यात. तेव्हाही म्हटलं होतं पुन्हा घेऊ, पण स्टुडिओचे पैसे संपले होते. ते ऐकवत नाही मला. चौथ्याला काय झालंय?"

मग बरण्या सरळ करता करता म्हणाल्या, "पेटी ऐकलीस ना? ती त्याचीच आहे."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. डोनालरावांना आयरिश येत नाही, ते खाडीकडचे, शाळेत त्या विषयात नापास. गाय प्रकरणानंतर ते माफी मागायला आले, तेव्हा या म्हणाल्या, माफी नको, माझ्या सीडीत पेटी वाजव. त्यांनी जीव लावून वाजवली. समजूत अशी, की प्रेमाचं गाणं आहे. सीडी आली तेव्हा कार्यक्रमात सगळं सभागृह हसायला लागलं आणि पहिल्या रांगेत त्यांना कोणीतरी अर्थ सांगितला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. गाणंही त्यांनी हळूहळू थांबवलं. मग मधमाश्या पाळल्या.

"वाईट वाटलं का नंतर?" मी विचारलं.

"गाणं चांगलं झालं होतं," त्या म्हणाल्या. हे उत्तर होतं की नाही, मला ठरवता आलं नाही.

मग डोनालरावांकडे गेले. हात जोडलेच, सवयीने. ते म्हणाले, "आज गाणी नाहीत?"

"कशी लावू? तुम्ही थांबवलं का नाही मला? एक शब्द बोलला असतात तर."

ते चीजच्या कागदाच्या घड्या घालत होते. "पहिले दोन-तीन शनिवार मी रागावलो होतो," म्हणाले. "पण मग ऐकायला लागलो. मी माझी सीडी फेकून दिली होती ना. किती वर्षांत ऐकलंच नव्हतं. मी इतकं चांगलं वाजवायचो हे विसरून गेलो होतो." मग म्हणाले, "त्यानंतर मी तसं कधी वाजवलं नाही. आणि शेवटी ती हसते ना, ती माझ्याकडे बघून हसली होती. अर्थात का हसली ते तेव्हा कळलं नाही."

मी त्यांना एक थालीपीठ दिलं. लोणी घालायची हिंमत झाली नाही.

दुपारी अर्ध्या वड्या उरल्या. शैलेंद्र खूश.

११ मे, शनिवार

सीडी नेली नाही. वड्या उरल्या. काठीवाली म्हातारी म्हणाली, "आमचा सगळा आठवडा या चार मिनिटांवर चालायचा." मी ठाम राहिले. कोणाच्या दुःखावर वड्या विकायच्या नाहीत.

पण घरी मात्र लावली. स्वरांगी आता शब्द लिहून घेते आहे. पहिलं गाणं होडीचं निघालं, दुसरं एका बोक्याचं. तिसऱ्यात काय आहे ते तिच्या बाईंनाही नीट सांगता आलं नाही, फक्त म्हणाल्या की कोणीतरी लवकर गेलं. स्वरांगीने मला विचारलं, "मराठीत याला काय म्हणायचं?" आणि आम्ही तासभर बसलो. अर्थ कळल्यावर गाणं कमी आवडेल अशी भीती होती. तसं झालं नाही. बेसूर कुठे आहे ते मात्र मला अजून सापडत नाही.

१८ मे, शनिवार

ॲबीबाईंनी सकाळी विचारलं, "प्लेअर बिघडला का?"

"नाही. मी मुद्दाम आणत नाही."

"कोणासाठी?"

मी तवा पुसायला घेतला. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी आण. तिसरं गाळून लाव हवं तर." आणि मग समोर न बघता म्हणाल्या, "तो काय म्हणाला तुला?"

डोनालरावांनी कोणाला सांगू नकोस असं काही म्हटलं नव्हतं. म्हणून सांगितलं. सगळं, हसण्यापर्यंत. ॲबीबाईंनी एक बरणी घेतली, पुसली, ठेवली, परत तीच घेऊन पुसली. मी उगाच बोलले असं वाटतं आहे. शैलेंद्र म्हणतो, आता कमिटीचं होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव.

२५ मे, शनिवार

जागा मिळाली. कायमची. पण काय जागा.

बाजार संपल्यावर डोनालराव आले आणि म्हणाले, कमिटीचं एकमत झालं, अभिनंदन, फक्त पुढच्या शनिवारपासून तू समोरच्या कोपऱ्यात. त्यांच्या कोपऱ्यात. वाऱ्याच्या. आणि ते माझ्या जागेवर येणार.

मी विचारलं, "का? माझं काही चुकलं का?"

"नाही, नाही," ते म्हणाले. "चीजला वारा चांगला नाही."

इतकी वर्षं चांगला होता. मी सरळ विचारलं, गाण्यामुळे का? तर कान लाल आणि म्हणतात, "एका अर्थाने." म्हणजे शिक्षाच झाली. तोंडाने गोड बोलायचं आणि परकी बाई बघून वाऱ्यावर टाकायचं. ॲबीबाईंकडे दाद मागायला गेले तर त्या म्हणाल्या, कमिटीचं मी काय सांगणार, आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला लागल्या. इतक्या दिवसांची शेजारीण, एका शब्दाने माझी बाजू घेतली नाही. मला खरंच वाईट वाटलं.

घरी तावातावाने सांगितलं. शैलेंद्र आणि स्वरांगी एकमेकांकडे बघून हसायला लागले. मी तव्याशी उभी, वाऱ्याने माझा गॅस विझणार, आणि यांना हसू येतं. सोमवारी कमिटीला लेखी तक्रार करणार आहे.

१ जून, शनिवार

तक्रार लिहून झाली होती. आठवडाभर पाठवायची राहिली आणि आज पिशवीत घेऊन गेले, हातात देईन म्हणून.

वारा होताच. शैलेंद्रने येऊन मागच्या बाजूला प्लायवूड लावून दिलं, त्यामुळे गॅस टिकला. प्लेअर लावला, तिसरं गाणं न गाळता. थालीपीठ थापत वर बघितलं तर समोर मध आणि चीज शेजारी शेजारी. डोनालराव काहीतरी सांगत होते आणि ॲबीबाई मान हलवत होत्या, नाही, नाही, अशी. मग त्यांनी बोटाने हवेत सुराची चढण काढून दाखवली आणि म्हणाल्या असाव्यात, इथे, इथे चुकले. ते म्हणाले असावेत, कुठे? मला तर कधीच कळलं नाही. ऐकू काही येत नव्हतं, हे सगळं मी माझ्या पदरचं लिहिते आहे. पण ॲबीबाईंनी कानावरची टोपी काढून ठेवली होती हे खरं.

चौथं लागलं. पाववाला, म्हाताऱ्या, सगळे नेहमीप्रमाणे माझ्या टेबलाशी आले. ते कान बघत होते. मी डोनालरावांचे हात बघत होते. चीजच्या फळीवर त्यांची बोटं पेटी वाजवत होती. ॲबीबाईंनी चीजचा एक तुकडा उचलला, त्यावर स्वतःचा मध घातला, अर्धा खाल्ला आणि उरलेला त्यांच्यासमोर ठेवला.

चीज घ्यायला आलेलं एक जोडपं बराच वेळ तिथे ताटकळलं आणि शेवटी माझ्याकडे येऊन म्हणालं, तिकडे कोणाचं लक्षच नाही. मी म्हणाले, आज तसंच चालायचं, तोवर हे घ्या. त्यांनी दोन थालीपिठं घेतली.

म्हातारी वडी खाता खाता म्हणाली, "जागा वाऱ्याची मिळाली तुला."

मी म्हणाले, "आहे थोडा वारा. पण इथून दिसतं चांगलं."

तक्रारीच्या कागदावर तळलेल्या वड्या काढल्या.